अक्षरांचे अंक करणारा प्रोग्राम : चूक शोधावी कशी?

संगणकाची भाषा नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सराव-उदाहरण बहुतेक ठिकाणी दिले जाते. इंग्रजी शब्द घ्यावा आणि त्यातील प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेला अंक छापावा, असे त्याचे स्वरूप असते. कधी ‘ए’साठी १, ‘बी’साठी २ असा साधा क्रम असतो, तर कधी दूरध्वनीच्या कळफलकावरील अंक विचारले जातात. कळफलकावर २ या कळीवर ए, बी, सी ही अक्षरे असतात, ३ वर डी, ई, एफ असतात. त्यानुसार ‘पुणे’ या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दिले की उत्तर ७८६३ यायला हवे.

उदाहरण दिसायला सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक नवशिके येथेच अडतात. प्रोग्राम चालतो, पडद्यावर अंक उमटतात, कोणताही त्रुटीसंदेश येत नाही. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर या नावांची उत्तरे अचूक येतात. सातारा, नाशिक आणि सोलापूरची मात्र चुकतात. यवतमाळच्या आठ अक्षरांचे तर चक्क नऊ अंक छापले जातात. मुळीच न चालणाऱ्या प्रोग्रामपेक्षा असा प्रोग्राम अधिक घातक असतो, कारण पहिली चार नावे तपासून विद्यार्थी निर्धास्त होतो. ही चूक कशी शोधावी आणि तिच्या मुळापर्यंत कसे पोहोचावे, याची ही माहिती.

संगणकाला अक्षर कसे दिसते?

चूक समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. संगणकाच्या स्मृतीत अक्षर असे काही नसतेच, तेथे केवळ संख्या असतात. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यावी, हे संकेताने ठरते. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ हा संकेत प्रसिद्ध झाला. पुढे १९६७ च्या सुधारित आवृत्तीत त्यात इंग्रजीची स्मॉल अक्षरेही निश्चित झाली. या संकेतात एकूण १२८ चिन्हे आहेत. कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५ आणि कॅपिटल ‘झेड’ म्हणजे ९०. स्मॉल ‘ए’ मात्र ९७ आहे. मोकळ्या जागेला ३२ ही संख्या आहे. ‘०’ हे अंकचिन्ह लिहिले तर स्मृतीत शून्य साठत नाही, ४८ साठते.

म्हणजे अक्षराचे अंकात रूपांतर करणारा प्रोग्राम खरे तर एका संख्येचे दुसऱ्या संख्येत रूपांतर करीत असतो. ‘सी’ भाषेत अक्षरातून ‘ए’ वजा करता येतो, तो याचमुळे. ‘डी’ म्हणजे ६८, त्यातून ६५ वजा केले की ३ उरतात. अक्षराचे स्थान मोजण्याची ही सोपी युक्ती बहुतेक विद्यार्थी वापरतात. चूकही बहुधा तिच्याच आधाराने शिरते.

सूत्र कोठे फसते?

विद्यार्थ्याचा तर्क साधारणतः असा असतो : एका कळीवर तीन अक्षरे आहेत आणि पहिली अक्षरे २ या कळीवर आहेत. म्हणून अक्षराचे स्थान शून्यापासून मोजावे, त्याला तीनने भागावे, बाकी सोडून द्यावी आणि भागाकारात २ मिळवावेत. ‘पी’चे स्थान १५ आहे. तीनने भागल्यावर ५ येतात, त्यात २ मिळवले की ७. उत्तर बरोबर. ‘यू’चे स्थान २०, भागाकार ६, उत्तर ८. तेही बरोबर.

‘एस’ला मात्र हे सूत्र लागू पडत नाही. त्याचे स्थान १८, भागाकार ६, म्हणून उत्तर ८ येते. कळफलकावर ‘एस’ ७ या कळीवर आहे. पी, क्यू, आर आणि एस अशी चार अक्षरे ७ वर आहेत, तशीच डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड ही चार अक्षरे ९ वर आहेत. एका कळीवर तीनच अक्षरे असतात, हे गृहीतच चुकीचे होते.

या अनियमिततेला इतिहास आहे. अमेरिकेतील जुन्या दूरध्वनींच्या तबकडीवर २ ते ९ या आठ अंकांना प्रत्येकी तीन, अशी २४ अक्षरे दिलेली असत. ‘क्यू’ आणि ‘झेड’ यांना त्यांत स्थान नव्हते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘ई.१६१’ या मानकानुसार आज ‘क्यू’ ७ वर आणि ‘झेड’ ९ वर असतो. चोवीस अक्षरांना नेमके बसणारे सूत्र २६ अक्षरांना लावले की ते २२ अक्षरांपुरते बरोबर ठरते आणि एस, व्ही, वाय व झेड या चार अक्षरांशी फसते. पुणे, मुंबई, नागपूर आणि कोल्हापूर यांच्या स्पेलिंगमध्ये या चारपैकी एकही अक्षर नाही. सातारा, नाशिक, सोलापूर यांत ‘एस’ आहे, तर यवतमाळमध्ये ‘वाय’ आणि ‘व्ही’ दोन्ही आहेत. सूत्र ‘वाय’चे उत्तर १० देते. कळफलकावर १० ही कळच नाही, म्हणून तेथे एक अंक वाढतो.

तपासाची रीत

प्रोग्राममधील चूक शोधून काढण्याच्या कामाला ‘डिबगिंग’ म्हणतात. प्रोग्राम वरपासून खालपर्यंत पुनःपुन्हा वाचणे आणि येथे तेथे काही बदलून पाहणे म्हणजे डिबगिंग नव्हे. त्याची एक निश्चित रीत आहे.

पहिली पायरी म्हणजे चूक हवी तेव्हा पुन्हा घडवता येणे. ‘कधी कधी चुकते’ एवढे म्हणून काम भागत नाही. कोणता शब्द दिला, कोणते उत्तर अपेक्षित होते आणि कोणते आले, या तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. साताऱ्याबाबत अपेक्षित उत्तर ७२८२७२ आणि आलेले उत्तर ८२८२७२. दोन्ही एकाखाली एक लिहिली की फरक फक्त पहिल्या अंकात आहे, हे तत्काळ दिसते.

दुसरी पायरी म्हणजे उदाहरण लहान करणे. पूर्ण शब्दाऐवजी केवळ ‘एस’ द्यावा. तरीही ८ आले तर शब्द वाचण्यात, लूपमध्ये किंवा छापण्यात दोष नाही, दोष रूपांतरातच आहे, हे निश्चित होते. शोधाचे क्षेत्र एकदम आटोक्यात येते.

तिसरी पायरी म्हणजे मधल्या संख्या पाहणे. अंतिम उत्तराबरोबर अक्षराची संकेतसंख्या, त्याचे स्थान आणि भागाकार हेही तात्पुरते छापून घ्यावेत. ‘एस’साठी ८३, १८, ६ आणि ८ अशी ओळ दिसेल. तिच्या शेजारी ‘आर’ची ओळ ठेवावी : ८२, १७, ५ आणि ७. ‘आर’ आणि ‘एस’ एकाच कळीवर असूनही भागाकार बदलला, ही बाब येथे उघड होते. संगणक नसतानाही हे कागदावर करता येते. शिक्षक त्याला ‘ड्राय रन’ म्हणतात.

चौथी पायरी म्हणजे कारण सांगता आल्याशिवाय दुरुस्ती न करणे. पुष्कळ विद्यार्थी ‘एस आला तर ७ छाप’ अशी एक अट वाढवतात. सातारा, नाशिक, सोलापूर लगेच बरोबर येतात आणि काम संपल्यासारखे वाटते. पण वसईचे उत्तर ८२७२४ असायला हवे, ते ९२७२४ येते, कारण ‘व्ही’ तसाच चुकलेला असतो. अशी ठिगळे लावल्याने मूळ दोष झाकला जातो, दूर होत नाही.

उत्तरावरून कारण ओळखावे

या उदाहरणातील इतर चुकाही ठरावीक आहेत. चुकीचे उत्तर बारकाईने पाहिले तर त्यातच कारण सापडते. वरील सूत्र ‘सी’ भाषेत वापरले असता पुढील लक्षणे दिसतात.

१. पुण्याचे उत्तर १७१९१७१४ असे येते. नाव स्मॉल अक्षरांत दिले गेले आहे. स्मॉल अक्षरांच्या संख्या ३२ ने मोठ्या असल्याने सगळीच स्थाने पुढे सरकतात. रूपांतरापूर्वी अक्षर कॅपिटल करून घ्यावे.

२. उत्तराच्या मध्ये उणे ९ येते. दोन शब्दांमधील मोकळी जागा अक्षर समजून मोजली गेली आहे. उत्तराच्या शेवटी उणे १६ येत असेल, तर ओळ वाचताना ‘एंटर’ कळीचे चिन्हही आत आले आहे. शेवटी उणे १९ येत असेल, तर लूप एक पाऊल जास्त चालून शब्दाच्या समाप्तिचिन्हापर्यंत पोहोचला आहे. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून चार अक्षरांच्या शब्दात शेवटचे स्थान ३ असते, ४ नव्हे.

३. ‘नवी मुंबई’ दिल्यावर फक्त ‘नवी’चे उत्तर येते. ‘स्कॅनएफ’ने शब्द वाचताना मोकळी जागा आली की वाचन थांबते. पूर्ण ओळ वाचणारी सूचना वापरावी.

सूत्राऐवजी अटी लिहिल्या असतील, तर लक्षणे वेगळी असतात.

४. प्रत्येक अक्षराचे उत्तर २ येते. ‘अक्षर ए असेल किंवा बी किंवा सी’ हे माणसाला कळणारे वाक्य तसेच्या तसे अटीत लिहिले गेले आहे. संगणक त्यातील ‘किंवा बी’ हा भाग स्वतंत्र विधान मानतो आणि ते नेहमीच खरे धरतो. ‘अक्षर ए असेल किंवा अक्षर बी असेल’ अशी तुलना दर वेळी पूर्ण लिहावी लागते. ही चूक ‘सी’त होते, तशीच ‘पायथन’मध्येही होते.

५. प्रत्येक अक्षराचे उत्तर ७ येते. ‘एस’शी तुलना करताना दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच दिले गेले आहे. ‘सी’मध्ये एका चिन्हाचा अर्थ तुलना नव्हे, तर मूल्य ठेवणे असा होतो. ८३ हे मूल्य ठेवले जाते आणि शून्य नसलेली कोणतीही संख्या ‘खरी’ मानली जात असल्याने अट नेहमीच पूर्ण होते.

६. ‘ए’ दिल्यावर २३४५६७८९ अशी माळच छापली जाते. ‘स्विच’मधील प्रत्येक पर्यायाच्या शेवटी ‘ब्रेक’ लिहायचे राहिले आहे.

७. उत्तरात दशांशचिन्ह येते. ‘पायथन’च्या तिसऱ्या आवृत्तीत साधा भागाकार अपूर्णांक देतो. पूर्णांकी भागाकारासाठी तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते.

योग्य दुरुस्ती

कळफलकाची मांडणी कोणत्याही एका सूत्रात नीट बसत नाही. ती माणसांनी ठरवलेली आहे, म्हणून ती सरळ तक्त्याच्या रूपात द्यावी. २२२३३३४४४५५५६६६७७७७८८८९९९९ अशी २६ अंकचिन्हांची एक स्ट्रिंग लिहिली की काम होते. अक्षराचे स्थान काढायचे आणि त्या स्थानावरचे चिन्ह छापायचे. भागाकार नाही, बेरीज नाही. त्याआधी एकच अट असावी : चिन्ह ‘ए’ ते ‘झेड’ यांपैकी नसेल तर ते सोडून द्यावे.

तपासणीसाठीही आता गावांची नावे शोधण्याची गरज नाही. अक्षरे २६ च असल्याने ती सगळी एका ओळीत देता येतात. उत्तर वरील स्ट्रिंगप्रमाणे यायला हवे. मूळ चुकीच्या प्रोग्रामला हीच ओळ दिली असती, तर २६ ऐवजी २८ अंक छापले गेले असते आणि दोष पहिल्याच दिवशी सापडला असता. सर्व शक्यता मोजक्या असतील तेव्हा त्या सगळ्या तपासाव्यात. तसे शक्य नसेल तर प्रत्येक गटाचे पहिले व शेवटचे चिन्ह तरी तपासावे, कारण चुका बहुधा सीमेवर असतात.

तक्ता बरोबर असूनही ‘सिंधुदुर्ग’ चुकू शकते. स्पेलिंगमधील दहा अक्षरांचे उत्तर ७४६३४८३८७४ आहे. काही विद्यार्थी अंक एकेक करून छापण्याऐवजी ते जोडून एक मोठी पूर्णांक संख्या तयार करतात. ‘सी’तील नेहमीच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, त्यामुळे उत्तर भलतेच येते. दूरध्वनी क्रमांकाची बेरीज-वजाबाकी करायची नसते. तो अंकचिन्हांची माळ म्हणूनच ठेवावा.

आणखी एक खबरदारी जाणकार सुचवतात. आस्कीमध्ये इंग्रजी अक्षरे सलग आहेत, पण सर्वच संकेतांत ती तशी नाहीत. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवरील ‘एबसिडिक’ संकेतात ‘आय’ २०१ आहे, तर त्यापुढचे ‘जे’ थेट २०९ आहे. ‘सी’ भाषेचे मानकही शून्य ते नऊ या अंकचिन्हांच्या सलगतेची हमी देते, अक्षरांच्या सलगतेची देत नाही.

‘बग’ हा शब्द

यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. थॉमस एडिसन यांच्या १८७८ मधील पत्रात हा शब्द या अर्थाने आढळतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क २’ या संगणकाच्या रिलेमध्ये ९ सप्टेंबर १९४७ रोजी खराखुरा पतंग सापडला. तो तेथील नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ही नोंदवही आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. ग्रेस हॉपर यांनी हा किस्सा पुढे सर्वत्र सांगितल्याने तो प्रसिद्ध झाला.

केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ हा संगणक उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी आत्मचरित्रात १९४९ मधील एक जाणीव नमूद केली आहे. आपल्या उर्वरित आयुष्यातील बराच काळ आपल्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आले. अशा श्रेष्ठ संशोधकाचा हा अनुभव असेल, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने चूक झाली म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

देवनागरीत हाच प्रश्न

मराठी नावांसाठी असा प्रोग्राम लिहायचा झाल्यास प्रश्न अधिक रंजक होतो. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ संकेतात ‘अ’ची संख्या २३०९ आणि ‘क’ची २३२५ आहे. ‘क’ला १ मानून क्रम मोजत गेल्यास ‘न’ विसावा येतो, तो बरोबर आहे. त्यापुढचा ‘प’ मात्र २१ ऐवजी २२ येतो. कारण ‘न’ आणि ‘प’ यांच्या मध्ये नुक्ता असलेल्या ‘ऩ’ला स्वतंत्र स्थान दिलेले आहे. मराठी वर्णमालेत ‘ह’नंतर म्हटला जाणारा ‘ळ’ही युनिकोडमध्ये ‘ल’च्या लगेच पुढे आहे. साताऱ्याच्या ‘एस’ने जी अडचण आणली, तीच येथे ‘प’ आणतो.

शिवाय अक्षर कशाला म्हणावे, हाही प्रश्न आहे. ‘पुणे’ या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये प, उकार, ण आणि एकाराची मात्रा अशी चार चिन्हे साठवली जातात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, त्यामुळे ‘सी’तील लांबी मोजणारी सूचना १२ हे उत्तर देते. २, ४ आणि १२ ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. इंग्रजीपुरता विचार करून लिहिलेला प्रोग्राम मराठी नाव मध्येच तोडतो किंवा मात्रा वेगळी पाडतो, त्याचे कारण प्रोग्रामरच्या मनातील ‘अक्षर’ आणि संगणकाचे ‘अक्षर’ वेगळे असते, हे आहे.

अक्षरांना अंक देण्याची कल्पना भारताला नवी नाही. कटपयादी पद्धतीत क, ट, प आणि य या चारही वर्णांना १ हा अंक असून तेथून पुढे क्रम चालतो. ञ आणि न यांना शून्य आहे. मात्रांना किंमत नाही, जोडाक्षरातील शेवटचेच व्यंजन धरायचे आणि येणारी संख्या उजवीकडून वाचायची, असे नियम आहेत. कर्नाटक संगीतातील ७२ मेळरागांच्या नावांत याचा उपयोग केलेला आहे. ‘मेचकल्याणी’ या नावात म म्हणजे ५ आणि च म्हणजे ६. उलट वाचल्यावर ६५, हाच त्या रागाचा क्रमांक. ‘धीरशंकराभरण’मध्ये ध ९ आणि र २, म्हणून २९. देवनागरीतला प्रोग्राम लिहू इच्छिणाऱ्यांना ही पद्धत उत्तम सराव ठरेल, कारण नियम स्पष्ट आहेत आणि ताडून पाहण्यासाठी रागांचे ज्ञात क्रमांक उपलब्ध आहेत.

थोडक्यात

- प्रोग्राम चालला, म्हणजे तो बरोबर आहे असे नाही.
- अपेक्षित उत्तर आधी हाताने काढून ठेवावे, मग प्रोग्राम चालवावा.
- चूक घडवणारे सर्वांत लहान उदाहरण शोधावे.
- मधल्या संख्या छापून पाहाव्यात. अंदाजाने बदल करू नयेत.
- एका वेळी एकच बदल करावा आणि पूर्वी बरोबर आलेली उदाहरणेही पुन्हा तपासावीत.
- आपण काय गृहीत धरले, हे वाक्यात लिहून काढावे. ‘प्रत्येक कळीवर तीन अक्षरे असतात’ हे वाक्य कागदावर उतरवून कळफलकाकडे एकदा पाहिले असते, तर साताऱ्याचे उत्तर चुकले नसते.